निम्म्या भावातल्या ताटल्या

रविवार, ५ फेब्रुवारी १९८४. नाहूर

दहिसरची मंडळी बघायला आली. मुलगा सहदेव, त्याची आई, मामा. 'डावा हात पदराखाली ठेव,' आईनं दहादा बजावलं होतं. नाही ठेवला. पोहे देताना दोन बोटं कमी आहेत ते दिसलंच.

मामा म्हणाला, "बोटं कशी गेली?"

"ताटल्या करताना."

तो हसला. त्याला चेष्टा वाटली.

सहदेवच्या आईनं तोंड आंबट केलं. मग पोहे संपवून ताटली उलटी केली, टिचकी मारून बघितली. "जाड आहे हो. कुठून घेतली?" आई म्हणाली, आमची ही शेवंती कामाला होती ना, त्या मुलुंडच्या गाळ्यातली. तिथं निम्म्या भावात मिळतात. बाईंचा चेहरा काय खुलला! हात बघून आंबट, ताटली बघून गोड.

सहदेव खाली बघत होता. बोलायला मामा आणला होता ना.

सोमवार, ६ फेब्रुवारी

गाळ्यात ताटल्या दाबायच्या प्रेसला जाळी होती. शेठनंच काढायला लावली. जाळीनं हात वाचतो, पण माल कमी निघतो — मग निम्म्या भावात कुठून देणार? बोटं गेली तेव्हा त्यानं घरी सहा ताटल्या पाठवल्या. भरपाई म्हणे. त्यातच काल पोहे वाढले.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

नकार आला.

शनिवार, ११ फेब्रुवारी

मामा पुन्हा दारात. "मुलगी चांगली आहे, पण ताईचं मन होत नाही." मग घसा साफ करून — "त्या ताटल्या डझनभर मिळतील का?"

मुलगी नको, माल हवा. मी म्हटलं, मिळणार नाहीत. बाप म्हणून नाना मध्ये पडले. संपात गिरणी गेल्यापासून सगळ्यांशी गोड बोलतात. "नाय कित्याक म्हणूचा? वळख ऱ्हवता." ओळख टिकावी म्हणून स्वतः जाऊन घेऊन आले. मामानं एकेक वाजवून घेतली.

सोमवार, १३ फेब्रुवारी

नाना परवा गाळ्यातून नुसत्या ताटल्या घेऊन आले नव्हते. आज बोलले. शेठ म्हणाला, शेवंतीची जागा रिकामी आहे, धाकटीला पाठवा. धाकटी म्हणजे जानकी. नववीत आहे. बुधवारपासून जायचं ठरलंसुद्धा. आई तांदूळ निवडत बसली, मान वर केली नाही.

जानकी विचारते, "ताई, कठीण असतं का गं?"

मी तिच्यावर खेकसले.

बुधवार, १५ फेब्रुवारी

जानकी उठायच्या आत तिचा भरलेला डबा उचलला आणि मीच गेले. शेठनं हाताकडे बघितलं. "जमेल?"

म्हटलं, "आठ आहेत अजून."