आचलची एक ओळ

मी, पत्रू इतवारी भानारकर, वय ४९, धंदा टायपिंग व वेबसाइट, राहणार वडसा, जिल्हा गडचिरोली. पुढच्या आठवड्यात नागपूरला हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे आणि कोणी बळजबरी केलेली नाही. म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो.

१. राहतं घर व बँकेतील ठेव पत्नी प्रेमिला हिला. माझ्या भावांनी त्यावर हक्क सांगू नये. आयुष्यभर सांगत आलेत, तेवढं पुरे.

२. प्रिंटर पुतण्या सूरज याला. कागद अडकला की शिव्या देऊ नये, उजवीकडून हळू ओढावा.

३. दुकान, दोन्ही संगणक व पाटी आचल सहारे हिला. ती चार वर्षं माझ्याकडे कामाला होती. कारण लिहिणं भाग आहे.

२००६ च्या दिवाळीआधी एका नाटक कंपनीने वेबसाइट बनवायला सांगितली. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये कलाकारांचे फोटो नावांशेजारी नीट दिसत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये तेच घसरून पार खाली. कंपनीच्या ऑफिसात नेमका एक्स्प्लोरर. मी तीन दिवस डोकं फोडलं. आचल चहा पिता पिता म्हणाली, “भाऊ, हा एक्स्प्लोरर डावीकडची मोकळी जागा दुप्पट धरून राह्यला. म्हनून फोटोले जागा पुरत नाई.” तिने कोडमध्ये एक ओळ टाकली, फोटो जागेवर. मी शाबास म्हणालो आणि आतून जळून कोळसा झालो. टायपिंगच्या मशीनपासून वीस वर्षं मी या धंद्यात, आणि कंपनीचा मालक फोनवर विचारतो, “आचलबाई आहे का?”

ती मालकाला वेबसाइटचं पान दाखवायला जाणार त्या सकाळी मी ती ओळ काढून टाकली. मालकासमोर नायिकेचा फोटो तळाला गेला. “आता तुम्हीच करा,” म्हणत त्याने तिचं काम मला दिलं. मी ओळ परत टाकली, वाहवा घेतली, पानाखाली स्वतःचं नाव लिहिलं. आचल नोकरी सोडून ब्रह्मपुरीला गेली.

माझ्या मागे त्या पानावर तिचं नाव लिहावं व हे कलम तिला वाचून दाखवावं. मी जिवंत असताना वाचू नये. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नाही.

४. वरील मजकूर साक्षीसाठी शेजारच्या प्रेसवाल्या दसरूला वाचून दाखवला. तो म्हणाला, “भाऊ, आचलले तवाच समजलं होतं. तिच्यापाशी कामाची सीडी होती ना, तिच्यात ओळ होतीच.”

“मग बोलली काऊन नाई?”

“मले म्हने, राहू दे. पत्रूभाऊचं नाव गेलं तर या उमरीत त्याले काम कोन देईन?”

दोन वर्षं तिने मला झाकलं. याचा तर मला त्या ओळीपेक्षा जास्त हेवा वाटतो. कलम ३ मधील “मी जिवंत असताना वाचू नये” हे शब्द रद्द समजावेत. ऑपरेशनआधी मी स्वतः ब्रह्मपुरीला जाऊन येतो.

लिहून देणार: पत्रू इतवारी भानारकर (सही)
साक्षीदार: १. दसरू गेडाम (सही) २. अंजनाबाई मोहुर्ले (अंगठा)
वडसा, १२ ऑगस्ट २००८