धाकटीच्या हाती दिलेलं दुखणं

४ फेब्रुवारी
आज धाकट्या बहिणीकडे राहायला आलो. सर्जनसाहेबांनी डोक्यातली गाठ काढली, टाके घातले आणि मला तिच्या स्वाधीन केलं. वरची खोली मिळाली आहे. जाड पडदा, उशाशी तांब्या, स्वच्छ चादर, राजेशाही थाट. बहिणीचे यजमान खाली घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून मी त्यांना घड्याळजी म्हणतो. टिकटिक मला सोसणार नाही म्हणून त्यांनी दुकानातली सगळी घड्याळं बंद ठेवली आहेत. बातमीदाराच्या डोक्यातून काही काढण्याजोगं निघालं हेच नवल, असंही म्हणाले.

डोकं दुखतं. संस्कृतात याला शिरःशूल म्हणतात. असं म्हटलं की दुखणं जरा खानदानी वाटतं. कमी मात्र होत नाही.

९ फेब्रुवारी
डाव्या कानामागे, शिवणीच्या आत, कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढतंय. थांबतं, दम खातं, पुन्हा ओढतं. गोळी घेतली की थोडा वेळ स्वस्थ. सर्जनसाहेब फोनवर म्हणाले, काहींचं महिनोन् महिने दुखतं, धीर धरा. धीर धरायलाही डोकंच लागतं, हे त्यांना सांगायचं राहिलं. काळा चष्मा लावून जेवतो. बहीण म्हणते, दादा, दिसतोस खलनायकासारखा आणि सांडतोस बाळासारखा.

१२ फेब्रुवारी
दुपारी बहिणीने हट्टाने डोकं चेपून दिलं. तिची बोटं कानामागे गेली आणि कपाट थांबलं. दम खायला नव्हे, गेलंच. मी रडलो. मग पडदा सारून रस्ता पाहिला, वर्तमानपत्र वाचलं, माझ्या जागी आलेल्या बातमीदाराच्या चुका काढल्या. इतकं बरं वाटलं. संध्याकाळी बहीण जेवली नाही. डोकं जड झालंय म्हणाली. हात डाव्या कानामागे होता.

१३ फेब्रुवारी
सकाळी दुखणं माझ्याकडे परत, ती ठणठणीत. योगायोग असेल. पण सारा जन्म बातमीदारीत गेला. एकदा कानावर येते ती कंडी. खातरजमा झाली की बातमी. दुपारी मीच तिला हाक मारली, पुन्हा जरा चेपतेस का म्हणालो. कारण सांगितलं नाही. सांगितलं तर पुरावा बिघडेल, असं मनाची समजूत घालायला म्हटलं.

बातमी खरी निघाली.

१७ फेब्रुवारी
या वेळी दुखणं परत आलं नाही. मी बरा आहे, लाज वाटावी इतका बरा. ती अंधारात पडून असते. आज उशीवर तिच्या केसांचा पुंजका निघाला. डाव्या कानामागे कोयत्यासारखी उघडी जागा, तीत गुलाबी शिवण. मी घड्याळजींना सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. तुम्ही बरे व्हायला आला होता ना दादा, एवढंच म्हणाले.

१९ फेब्रुवारी
दवाखान्यात तिच्या डोक्याचा आतून फोटो काढला. तिला आजवर कुणी सुरी लावलेली नाही. तरी माझी गाठ होती तिथे तिच्या डोक्यात पोकळी आहे. सर्जनसाहेबांनी दोघांचे फोटो एकावर एक धरले आणि म्हणाले, ही आणखी वाढली तर यांना वाचवता येणार नाही.

घरी येऊन तिचं डोकं मी चेपलं. काही होईना. शेवटी तिच्या शिवणीला माझी शिवण टेकवून बसलो.

आलं.

२० फेब्रुवारी
वाढून आलंय. तिच्याकडचंही घेऊन. ती जेवली, घड्याळजींना टोमणा मारला. तिच्या शिवणीवर लव दिसते. हे मी सांभाळायचं. आता हे माझ्याकडेच राहायला हवं.

२२ फेब्रुवारी
गोळ्या पोटात राहत नाहीत. कपाट नाही आता — सबंध घर ओढताहेत. ओळ सरळ जात नाही. ती जिन्यात येऊन विचारते, दादा, जरा चेपू का. सगळं सांगितलं तिला, फोटोही दाखवले. म्हणते, तू काय मला परका आहेस?

नको म्हणालो. तोंडाने तरी नको म्हणालो.

२३ फेब्रुवारी
कडी लावली. दाराला पाठ लावून बसलोय. ती पलीकडे. घड्याळजी तिला खाली नेतात, ती पुन्हा येते. एकदाच चेपते म्हणते. तुझं ओरडणं ऐकवत नाही म्हणते. मी ओरडतोय हे मला ठाऊक नव्ह—

दुपार असावी. पडद्याच्या कडेचा उजेड टोचतो.

ती मरेल. ती मरेल. हे लिहीत राहायचं म्हणजे —

तिची बोटं दारावर. गार असतात तिची बोटं. कानामागे गेली की —

नाही.

अक्षर असं का येतंय — डाव्या हाताने लिहितोय. आत्ता पाहिलं. उजवा वर आहे, कडीव