पाठमोरे मास्तर

३ जून
बेरोजगारांचं भलं करणारी योजना म्हणे! वर्षभर कारखान्यात शिका, प्रमाणपत्र घ्या, नोकरी मागे धावत येईल — भरतीच्या खिडकीवरची बाई सांगत होती. तिची नोकरी कायम, तिचं काय जातं! नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा. आई म्हणाली, "पदरी पडलं ते पवित्र." दोन वर्षं पदवी घेऊन घरी बसलेय, नाही म्हणायची सोय नव्हती.

१० जून
आठवडाभरात काय शिकले? लोखंडाचा चुरा झाडायला. लोखंड कातायच्या लेथवर नेमलंय, मास्तरांच्या हाताखाली. ते अठ्ठावीस वर्षं याच यंत्रावर. लोखंडाचा तुकडा यंत्रात बरोबर मध्यावर धरावा लागतो, केसभर सरकला तरी काम वाया. सगळी विद्या तिथेच. आणि नेमके तेव्हाच मास्तर पाठ करून उभे! मी त्यांचं नाव पाठमोरे ठेवलंय.

२ जुलै
त्यांच्या शर्टाच्या पाठीवर तेलाचे सात डाग आहेत. एवढं शिक्षण झालं.

१९ जुलै
आज विचारलंच — "मास्तर, जरा बाजूला व्हाल का?" म्हणाले, "बघून काय करणार, बाळ? झाडून घे." पन्नाशी उलटली तरी कद्रूपणा जात नाही! विद्या काय तिरडीवर बांधून नेणार? प्रशिक्षणाच्या वहीत दर महिन्याला अभिप्राय लिहायचा असतो. बाकीचे शिकाऊ 'समाधानकारक' लिहून मोकळे होतात. मी लिहिलं — मास्तर मुद्दाम शिकवत नाहीत. खाली ठसठशीत सही!

२३ जुलै
साहेबांनी वही वाचली! मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ये. इथे उभी राहा." जिरली एकदाची!

३० ऑगस्ट
शिकवतात मात्र झकास, कबूल करावं लागतं. तुकडा फिरवायचा, खडू हळूच जवळ न्यायचा. रेघ उमटेल ती बाजू पुढे आलेली, तुकडा धरणारा तिथला जबडा आवळायचा. आज मी एकटीने तुकडा धरला, पहिल्याच फटक्यात! मास्तर म्हणाले, "झालीस तयार." कौतुकातही काटकसर. साहेबांनी वहीत शेरा दिला — स्वतंत्रपणे काम करू शकते. घरी येऊन आईला तीनदा वाचून दाखवला.

२ सप्टेंबर
मास्तरांना काढलं. 'पर्यायी व्यवस्था झाली आहे' असं पत्रात लिहिलंय. म्हणजे मी — शिकाऊच्याच मानधनावर. त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा साहेब खुशीत म्हणाले, "जूनमध्ये नवी मुलगी येईल, तिलाही असंच तयार करा."