तीन नाड्यांचं कार्ड

बाबा, पत्रिकेत मुलीची नाडी आणि मुलाची नाडी एक आली की लग्न मोडायचं, हा प्रकार मला तेव्हाही मूर्खपणाचा वाटत होता आणि आज, पेन्शन घेऊन इतकी वर्षं झाल्यावरही, तसाच वाटतो. हे आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हातारपणी पोरगी वळणावर आली. मी पत्रिकेची माफी मागत नाही. माझी लाज वेगळी आहे.

अकोल्याच्या एका कचेरीत तुम्ही कडेला भोकं पाडलेली कार्डं पाहिलीत आणि अमरावतीला परत आलात ते डोक्यात पत्रिका जुळवायच्या कार्डांचा डबा घेऊनच. एका मुलीचं एक कार्ड. कडेला भोकांची रांग, त्यात तीन भोकं तीन नाड्यांची. मुलीची जी नाडी, तेवढंच भोक कडेपर्यंत कापायचं. मग मुलाच्या नाडीच्या भोकातून लोकरीची सुई घालून गठ्ठा उचलला की त्याच नाडीच्या मुली खाली पडायच्या आणि जुळणाऱ्या मुली सुईवर लटकून राहायच्या. तुम्ही तो पहिल्यांदा आईच्या हातात दिलात, कारण तिला वाचता येत नव्हतं. स्वयंपाकघरात पाटावर बसून तिने सुई घातली, कार्डं पडली, आणि ती म्हणाली, "हे तर मेथी निवडण्याहून सोपं!" तुम्ही किती खूश झालात. तुमचं म्हणणंच होतं की तेल्हाऱ्याच्या भटजीला तेल्हाऱ्यातच बसून काम करता आलं पाहिजे. काही विचारायला त्याला अमरावतीची गाडी धरावी लागली, तर डबा अर्धवट राहिला म्हणायचं.

घरच्या डब्यातली कार्डं तुम्ही स्वतः कापलीत. गावोगावी द्यायच्या पाच डब्यांची नक्कल माझ्याकडे दिलीत, माझं अक्षर कॉन्व्हेंटचं म्हणून. भटाची पोर मिशनच्या शाळेत घातली, म्हणून लोकांनी तुम्हाला कमी बोलून घेतलं नव्हतं. मी बी. ए.ला होते, मला शिकायचं होतं, शिकवायचं होतं, आणि त्या गठ्ठ्यात माझंही कार्ड होतं. पाचही डब्यांत मी माझ्या कार्डाची तिन्ही नाड्यांची भोकं कापली. कोणत्याही मुलासाठी सुई घाला, मी खाली पडणार. किती हुशार वाटले मी मला! तुम्ही बिस्किटांच्या डब्यांना सुतळ्या बांधल्यात, प्रत्येकात एक सुई आणि एक सूचनांचा कागद ठेवलात, आणि चांदूर रेल्वे गावाला द्यायचा डबा मांडीवर घेऊन पॅसेंजरने गेलात.

दोन महिन्यांनी तेल्हाऱ्याचे भटजी आले. मी चहा घेऊन येतेय, आणि ते माझं कार्ड तुमच्यापुढे नाचवतायत. "महाराज, एका पोरीले तीन नाड्या! हे कोन्तं शास्त्र काढलं तुमी? अन् पोरगी तं तुमच्याच घरची!" तुम्ही कार्ड हातात घेता. कडेवरून बोट फिरवता. मग माझ्याकडे बघता, आणि म्हणता, "माझ्या हातून झालं." ते चहा बशीत ओततात. "तुमी म्हून सांगतो, राग नका मानू. गावात लोकं हसून राहिले. एक कार्ड असं, तं बाकीच्यायचा काय भरवसा? उद्या एखादीचा संसार बिघडला तं माह्या दारात येतीन." ते गेल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "कात्री सरकली का गं?" मी म्हटलं, "हो."

एकदा सरकेल कात्री, बाबा. पाच डब्यांत तीच कात्री, त्याच कार्डावर? तुम्ही पाचही गावांना जाऊन डबे परत आणलेत, बाकीचं प्रत्येक कार्ड तपासलंत, एकही चूक निघाली नाही, आणि तरी ते पुन्हा कोणी घेतले नाहीत. माझं कार्ड मात्र तुम्ही कोणत्याच डब्यात परत ठेवलं नाहीत. माझ्या लग्नाचा विषयही पुन्हा काढला नाहीत. म्हणजे नुसतं सांगितलं असतं, तरी तुम्ही ऐकलं असतं. हे मला झोंबतं. ज्या माणसाशी लढायची गरजच नव्हती, त्याच्याविरुद्ध मी कपट केलं, आणि वर त्याला बंड म्हणत राहिले.

तुमच्या तेराव्याला तेल्हाऱ्याचे भटजी पंक्तीत बसले होते. शेजारच्याला सांगत होते, "मानूस लय पक्का, पन त्या डब्यात चुकला." मी वाढत होते. तेव्हा तुम्ही नव्हतात, मला नोकरी होती, मला कोणाचंच भय नव्हतं. मी त्यांच्या पानात वरण वाढलं आणि म्हणाले, "डबे केले तेव्हापासूनच त्यांची नजर कमी झाली होती."

तुमची नजर शेवटपर्यंत चांगली होती. ते भटजीही आता नाहीत; त्यांचा मुलगा तेल्हाऱ्यातच असतो, त्याचा पत्ता माझ्याकडे आहे, आणि खरं म्हणजे हे पत्र तुम्हाला नव्हे, त्याला जायला हवं. कालच मी पोस्टात गेले होते. वीजबिल भरलं आणि पाकीट न घेता परत आले.