तलावाच्या कराराला एक मत

२६ सप्टेंबर

झालं! करारावर कार्यालयाच्या आणि संघटनेच्या सह्या झाल्या. आता आम्ही हंगामी कामगारांनी मत देऊन मंजूर केला की लागू.

या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर आम्ही मे ते सप्टेंबर, हंगामापुरते. पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं ते आजवर साहेबांच्या मर्जीवर. करारात आलंय— जुन्यांना आधी.

आत्या सगळ्यांत जुन्या. फरश्या घासतात, सगळेच त्यांना आत्या म्हणतात. "म्हणजे बोलावणं यावं म्हणून साहेबांच्या नातवाचं कौतुक करणं बंद!" म्हणाल्या. "काय रडकं पोर आहे ते!"

मी तिकीटखिडकीवर, सगळ्यांत नवी. म्हणजे बोलावण्यात शेवटची. टाळ्या मात्र जोरात वाजवल्या.

२८ सप्टेंबर

मतदान कधी? हंगाम संपल्यावर! मताचा हक्क कुणाला? त्या दिवशी हजेरीपटावर असेल त्याला. आणि तेव्हा पटावर एकच माणूस— तलाव रिकामा करायला ठेवलेला. दरवर्षी आत्या असतात. यंदा साहेबांनी मला ठेवलं. "तुमच्यावर विश्वास आहे," साहेब म्हणाले. मला वाटलं, पाण्याच्या बाबतीत म्हणतायत. बावळट!

२९ सप्टेंबर

साहेबांनी बसायला खुर्ची दिली. पहिल्यांदाच. "दबावाखाली येऊ नका. तिकीटखिडकी तुमचीच आहे."

संघटनेचे सेक्रेटरी दारात वाट बघत होते. "ताई, बहुमत तुमच्या हातात आहे." अल्पमतही माझ्याच हातात आहे, हे सांगायचं राहिलं.

नवरा म्हणाला, "आत्या येणार आहेत का आपलं घर चालवायला?" चिडून नाही, घाबरून. त्याचं दुकान बसल्यापासून सगळं माझ्या खिडकीवर.

३० सप्टेंबर

शेवटचा दिवस. आत्या मताबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. पाणी सोडायचं चाक कसं फिरवायचं तेवढं दाखवलं. "हळू हं. मनगटाला झटका बसतो." मला एकदम रडू आलं. काय बाई मी!

३ ऑक्टोबर

मतदान. गुप्त! पेटी, पडदा, एक अधिकारी, दोन निरीक्षक. अधिकारी म्हणाले, "रांगेत या." आले.

पडद्याआड बराच वेळ उभी होते. बाहेर निरीक्षक खाकरले. मग टाकलं एकदाचं. अधिकाऱ्यांनी पेटी गदागदा हलवली— मतं मिसळायला नकोत?

साहेबांनी जाताना माझ्यासाठी दार धरलं.

"काय केलंस?" नवऱ्याने विचारलं. म्हटलं, गुप्त असतं. तो भांडी घासायला लागला. जवळ जाऊन उभी राहिले. सरकून जागा दिली त्याने.

४ ऑक्टोबर

निकाल उद्या. मोजणीला वेळ लागतो म्हणे!

२ मे

तलाव उघडला. बोलावणी करारातल्या क्रमाने गेली, माझ्यापर्यंत आलीच नाहीत. लेकीला घेऊन तिकीट काढायला गेले. खिडकीत आत्या! गुडघ्यांना बैठं काम मिळालं एकदाचं.

"तुला पोहता येतं का गं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग उथळ बाजूला," म्हणाल्या, आणि तिकीट फाडून हातात दिलं.