स्क्रीनवरचं शून्य

शांती नगर, मीरा रोड
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय यतीन,

तुझं पुण्याहून आलेलं पत्र मिळालं. नवं ऑफिस मोठं आहे, तुझ्या आईंचा गुडघा बरा आहे, वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही ठीक चाललंय. आई शिवणकाम करते. जीवन आता भिंतीला हात न लावता मोरीपर्यंत जातो. परवा दाढी करताना हनुवटी कापून घेतली आणि मला विचारलं, "ताई, रक्त आलंय का गं?" मी नाही म्हटलं. त्याला खरंच वाटलं.

नर्सिंग होमच्या ऑक्सिजन लाइनवर आपलं सॉफ्टवेअर बसवायचंय असं लिहिलंयस. "गाभा तोच, वरचा भाग तेवढा तू लिही." हे वाक्य वाचून मला आपला इथला गाळा आठवला. पहिलं गिऱ्हाईक किराणावाला, मग औषधवाला, मग मुर्ध्याचा बर्फाचा कारखाना. प्रोग्रॅम एकच, प्रत्येकाला वेगळा साज चढवून द्यायचा. किती खूश असायचास तू! मीही होते. तुझ्या आईंनी आमच्या घरी कधी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, तरी होते.

किराणावाल्याच्या वजनकाट्याची वायर सारखी सुटायची. प्रोग्रॅम अडायचा आणि तो तुला हिंदीत शिव्या घालायचा. म्हणून तू गाभ्यातच लिहून टाकलंस की काहीही बिघडलं तरी बोंब मारायची नाही, शेवटचा आकडा धरून पुढे जायचं. दुकानात ते खपून गेलं. कारखान्यासाठी मात्र मी वेगळं लिहिलं होतं. वायर तुटली की भोंगा वाजणार आणि मशीन बंद. ते तू काढून टाकलंस. "एका गिऱ्हाइकासाठी मी गाभा फाडणार नाही, पंचशीला. शेठ रोज भोंगा ऐकणार आहे का?" मी भांडले. तू हसलास, आणि म्हणालास, "तुझ्याच भावाला लावतोय ना तिथे नोकरीला? मग?"

अपघाताच्या दिवशी कारखान्यातली अमोनियाची लाइन दुरुस्तीसाठी रिकामी केली होती. स्क्रीनवर दाब शून्य. खाडीच्या खाऱ्या हवेनं गंजलेली वायर नेमकी तेव्हाच तुटली. मग पलीकडच्या झडपेतून गॅस झिरपून लाइन पुन्हा भरली. स्क्रीन शून्यच दाखवत राहिला. जीवननं तो पाहिला, परत एकदा पाहिला, आणि नट सैल केला. गॅस सरळ तोंडावर आला.

तू हॉस्पिटलात आलास, त्याच्या उशाशी बसलास, त्याचा हात हातात घेतलास. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन चौकशीला आलेल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला सांगितलंस, "सॉफ्टवेअर ठीक आहे. पोरानं स्क्रीन बघितलाच नाही." जीवनला ते कळलं तेव्हा तो काय म्हणाला, हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. म्हणाला, "यतीनदादा म्हणतोय म्हणजे तसंच असेल, ताई. मलाच वाटलं असेल की मी बघितलं." अजूनही रोज तेच बोलतो. डोळे गेले ते गेलेच, पण आपण ते नीट वापरलेसुद्धा नाहीत असं त्याला तू पटवून दिलंस. एवढं सफाईचं काम तू कॉम्प्युटरवरही कधी केलं नाहीस.

म्हणून गेल्या आठवड्यात मी मुर्ध्याला गेले. शेठना विनंती केली, इन्स्पेक्टरांना बोलावलं. कारखान्याच्या सदू मिस्त्रीनं चालू लाइनची वायर सगळ्यांसमोर उपटली. स्क्रीनवरचा आकडा जागचा हलला नाही. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, ये तो झूठ बोलता है!" नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंनाही मी फोन करून सगळं सांगितलंय. तिथे आता तुझी वाट कुणी बघत नाही.

चौकशी पुन्हा उघडली आहे. सोमवारी ठाण्याला तुला बोलावतील. नोटीस येईलच, पण ती येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझ्यानंतर माझी साक्ष आहे. जीवनला अजून काही सांगितलेलं नाही. त्याला मी तुझ्या समोरच्याच खुर्चीवर बसवणार आहे. मान खाली घालायची तसदी घेऊ नकोस, त्याला दिसणार नाही. फक्त मोठ्यानं बोल. खोटं बोलायचं असेल तर तेही त्याच्या तोंडावर बोल.

एके काळी तुझीच म्हणवणारी,
पंचशीला