फ्रान्सिसच्या लॅपटॉपचा स्क्रीन

मंगळ., ४ नोव्हें.
सायलीचा लॅपटॉप आज माझ्या हातून फुटला. हातून म्हणजे रागाने. खरं तेच लिहावं.
फर्स्ट शिफ्ट असूनही ओव्हरटाइम, घरी यायला सात. नीताने ताटं वाढलेली. सायलीला तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिने स्क्रीनवरची नजर न हलवता नुसता हात वर केला. डोकं सणकलं. आत गेलो आणि लॅपटॉपचं झाकण धाडकन आपटलं. कीबोर्डवर तिची पेन्सिल होती.
ती मैत्रिणीशी बोलत नव्हती. इंटरव्ह्यू चालू होता. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची नोकरी, दोन महिने जिची वाट बघत होती ती.
ओरडली नाही. झाकण उघडून बघितलं, परत मिटलं. जेवली नाही. मी जेवलो, हे आता लिहिताना...

गुरु., ६ नोव्हें.
लॅपटॉप आतून ठीक आहे, फक्त स्क्रीन गेलाय. मधोमध चिरा, एका बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग. सायलीने तो वायरने हॉलमधल्या टीव्हीला जोडलाय. फरशीवर बसून, मान वर करून चित्रं काढते. कंपनीला मेल केलीय. उत्तर नाही.
"आई, त्यांना सांग, टीव्ही मला आठपर्यंत लागेल." त्यांना. परवापर्यंत मी ‘बाबा, तू’ होतो.
संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे. म्हणाला, "काका, या मॉडेलचं पॅनेल आता येत नाही. मागवतो, पण महिना धरा. नाहीतर जुन्या बंद लॅपटॉपचं बघा. साइज आणि मागचा कनेक्टर जुळला की झालं काम."
बंद लॅपटॉप. फ्रान्सिसकडे होता एक.

शनि., ८ नोव्हें.
सांडोरला, फ्रान्सिसच्या घरी गेलो. त्याच्या मातीनंतर पहिल्यांदा. सव्वा वर्ष झालं.
अठरा वर्षं गोखिवऱ्याच्या कारखान्यात तो शेजारच्या मशीनवर. त्याच्या बायकोला, मेरीवहिनींना, फोनवर "येतो एकदा" म्हणत राहिलो. आज गेलो, तो पॅनेल मागायला.
वहिनी बागेत केळीचे वाळके पाले उतरवत होत्या. "भावजी! आज कशी आठवण झाली?" बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. सायलीचा स्क्रीन फुटला म्हणालो. कोणी फोडला ते गाळलं.
कपाटातून लॅपटॉप काढला. साड्यांच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेला. बोर्ड जळून बंद पडला त्याला तीन वर्षं झाली. "न्या सगळाच. मला काय कळतंय त्यातलं? पोरीचं काम अडायला नको."
पपनस दिलं एक. घेतलं.

रवि., ९ नोव्हें.
सकाळी डायनिंग टेबलावर चादर अंथरून बसलो. आधी दोन्ही लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून बॅटरीची वायर सुटी केली. स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट नखाने आणि जुन्या एटीएम कार्डाने सोडवली, एक खिट्टी तुटलीच. मग चार स्क्रू. फ्रान्सिसचं पॅनेल काढलं, सायलीच्यात बसवलं. कनेक्टर जुळला. पहिल्यांदा चालू केल्यावर उभ्या रेघा. वायर काढून नीट दाबून बसवली, वर टेप. लागला!
नीताने टाळी वाजवली. सायली आली, लॅपटॉप उचलला. थोड्या वेळाने खोलीतून, आईला: "पिवळट दिसतंय सगळं. माझे रंग कळत नाहीत."
दुपारी सोसायटीत जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू न्यायला टेम्पो आला होता. फ्रान्सिसच्या लॅपटॉपचं उरलेलं धूड त्यात देऊन टाकलं. टेबल साफ.

बुध., १२ नोव्हें.
लंच टाइमला मेरीवहिनींचा फोन.
"भावजी, आमचा जोएल म्हणतो, पप्पांची गाणी त्या लॅपटॉपात आहेत. चर्चमधल्या क्वायरची प्रॅक्टिस असायची ना, ती हे घरी रेकॉर्ड करायचे. आतली डिस्क काढली तर मिळतील म्हणतो. त्याला नाताळला ऐकायचीत. तुम्हाला काढता येईल?"
मी म्हणालो, "हो. आहे की. काढतो."
का म्हणालो? तोंडातून आधी खोटंच निघालं.
लॅपटॉपात डिस्क असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. बॅटरीची वायर सोडताना दिसली होती, डाव्या हाताला. माझं काम वरच्या झाकणात होतं, एवढंच बघितलं.

शुक्र., १४ नोव्हें.
रजा टाकली. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून टेम्पोवाल्याचा नंबर घेऊन त्याच्या गाळ्यावर. दोन बायका स्टुलावर बसून मोबाइल फोडत होत्या. लॅपटॉपचे नुसते सांगाडे, कमरेएवढा ढीग. साडेतीन तास उपसला. काळे सगळे सारखेच.
टेम्पोवाला शेवटी म्हणाला, "भाई, रविवार का माल मंगल को ही गया. डिस्क तो सबसे पहले निकलती है."
बोटं कापलीत दोन ठिकाणी. नीताने हळद लावली. तिला सगळं सांगितलं. सायली दारात उभी होती, मला दिसली नव्हती.

शनि., १५ नोव्हें.
सायली सकाळी माझ्यासमोर येऊन बसली. अकरा दिवसांनी सरळ माझ्याशी.
"त्यांना सांगितलंस?"
"नाही."
"कधी सांगणार?"
"एखादी कॉपी कुठे मिळते का बघतो आधी..."
"बाबा, ती बाई वाट बघतेय." उठली. मग, "माझ्या इंटरव्ह्यूचंही तू अजून काही बोलला नाहीस. स्क्रीन लावलास फक्त."
बरोबर आहे. स्क्रू काढता येतात, वायरी जुळवता येतात. ‘चुकलं माझं’ हे दोन शब्दांच्या पुढचं नाही, पण...
म्हणालो शेवटी. कसंबसं. ती "बरं" म्हणाली. माफ केलं असं नाही, ऐकलं एवढंच.

रवि., १६ नोव्हें.
सकाळी वहिनी चर्चमध्ये मिस्सेला असतात, म्हणून दुपारी सांडोर. सायली येऊ का म्हणाली, नको म्हणालो.
सगळं सांगितलं. स्क्रीन मीच फोडला, डिस्क दिसूनही टाकली, फोनवर खोटं बोललो. वहिनी खुर्चीच्या हातावरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तरी कुठे बघितलं होतं आत काय आहे? टॉवेलात बांधून ठेवलं."
मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही स्वतःला..."
"थांबा. जोएलला मात्र मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."
तिथूनच त्याला मेसेज केला, डिस्कबद्दल बोलायचंय एवढाच. त्याच्याकडे, कॅनडात, पहाट होती. घरी पोचेपर्यंत उत्तर आलं: अंकल, डिस्क मिळाली का? तुमच्याकडच्या रात्री नऊला कॉल करतो.
लहानपणी कारखान्यात यायचा बापाचा डबा घेऊन. मला नुसतं काका म्हणायचा. आता अंकल.
पावणेनऊ झालेत. सायली खोलीत काम करतेय, दार आज उघडं आहे. त्याला आधी काय सांगू, डिस्क गेली हे, की ‘चुकलं माझं’? चुकलं माझं. आधी तेच.